अंड्यांच्या गाडीखालच्या पिवळ्या गाद्या

शिरूरमधली निम्मी माणसं मला चेहऱ्यावरून नाही, पायांवरून ओळखतात. त्याला कारण आहे. तीस-पस्तीस वर्षं मी ट्रकखाली उताणा पडून काढली. गिऱ्हाइकाला दिसायचे ते गुडघ्यापासून खालचे पाय, आणि बोलणं व्हायचं तेही पायांशीच. एकदा बाजारात एका गृहस्थांनी माझ्याकडे दोन-तीनदा निरखून पाहिलं, मग खाली चपलांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आरं, दत्तू मिस्त्री व्हय! मला वाटलं कोन पाव्हनं."

माझं काम पाट्यांचं आणि बुशांचं. ट्रकचा सगळा भार ज्या लोखंडी कमानींवर झुलतो, त्या म्हणजे पाटे. पाटा जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला असतो, तिथे लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये एक रबराची नळी ठोकलेली असते, ती बुश. लग्न जमवायला इनामगावला गेलो तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "बुश म्हंजी नेमकं काय?" मी म्हटलं, "तुमच्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये मऊ गादी असते ना, ती झिजली की हाडावर हाड घासतं. ट्रकचंही तेच." सासऱ्यांनी आपला गुडघा चोळला, थोडा वेळ विचार केला आणि मुलगी दिली. त्या क्षणी मला माझ्या धंद्याचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

वडील दौंडला रेल्वेत डब्यांच्या तपासणीच्या कामावर होते. हातोडीने चाकावर ठोका मारायचा आणि आवाजावरून चाक धड आहे की नाही ते सांगायचं, हे मी कॉलनीत वाढताना रोज पाहिलं. तो कान माझ्यातही उतरला. ट्रक न्हावरे रस्त्याच्या वळणावर असतानाच मी दुकानात बसून सांगायचो की पुढच्या डाव्या पाट्याचं बुश गेलं. यात थोडा तोराही होताच. माणूस हुशार झाला की तोरा फुकट मिळतो.

रबराला आमच्याकडे फार दिवस आयुष्य नाही. वरून ऊस नाहीतर कांदा, खालून खड्डे, मध्ये डिझेल आणि ग्रीस. रबर फुगतं, फाटतं, मग गाडी एका बाजूला ओढते आणि टायर खाते. जुनं बुश काढायचं म्हणजे सुद्धा एक सोहळा असायचा. ते आत असं चिकटून बसायचं की शेवटी गॅसने जाळावं लागे. काळा धूर उठायचा. शेजारच्या काकूंनी गच्चीवर कुरडया घातलेल्या असल्या की त्या वरूनच विचारायच्या, "मिस्त्री, आज जाळणारय का? न्हाईतर कुरडया घरात घेते." एका वर्षी मी सांगायला विसरलो. त्या कुरडया तळल्यावर कशा लागत होत्या ते काकूंनी मला समोर बसवून खायला लावलं.

अशात दोन हजार सालच्या आसपास पॉलियुरेथेन आलं, रबरासारखंच पण त्याहून चिवट असं एक प्लास्टिक. रांजणगावला कारखाने उभे राहिले होते आणि तिथे शेखभाई नावाचा माझा एक टर्नर मित्र होता. त्याने मला पिवळ्या रंगाचा एक गट्टू आणून दाखवला. कारखान्यातल्या जड ट्रॉलीची चाकं याचीच करतात, म्हणाला. मी त्यावर घण मारला, घण उलटला. आठ दिवस डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवला. बाहेर काढून पुसला तर जसाच्या तसा. आठ दिवस एकाच घरात राहून न बदलणारा पाहुणा मी तोवर पाहिला नव्हता. मी शेखभाईला म्हटलं, "याची बुशं करून दे."

तो म्हणाला, "नरम पाहिजे का कडक? दोन्ही बनतं."

"नरम कशाला? नरम तर रबर आहेच की. कडक कर."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही पुढे जन्मभर लक्षात ठेवलं.

पहिलं गिऱ्हाईक निमोण्याचे आप्पा. त्यांच्या कांद्याच्या ट्रकला मी पिवळी बुशं बसवली. गाडी सरळ रेषेत धावायला लागली, आप्पा खूश. तिसऱ्या दिवशी आप्पा भलतेच चिडून आले. वाटेत मागून मांजराचं पिल्लू ओरडतंय असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेला गाडी लावून सगळ्या गोण्या उतरवल्या होत्या. पिल्लू सापडलं नाही. गोण्या परत भरल्या, गाडी हलली, पिल्लू पुन्हा सुरू. "दत्तू, गाडीत काय घातलंस तू? हमाल घाबरून पळालं की माझं!" मी खाली शिरलो तर ओरडत होतं ते बुश. कोरडं बसवलं की ते लोखंडावर कुईकुई करतं, त्याला वेगळं चिकट ग्रीस लागतं, हे मला ठाऊक नव्हतं. शेखभाईने ते ग्रीस आणून दिलं आणि मांजर गप्प झालं. आप्पांनी मात्र पुढे कितीतरी दिवस मला पाहिलं की "म्याव" म्हणायचं सोडलं नाही.

तरीही नाव झालं. उसाचे ट्रक, वाळूचे ट्रक, दहाचाकी मोठाली धुडं, सगळी माझ्याकडे यायला लागली. मी दुकानावर पाटी रंगवून घेतली, 'येथे पॉलियुरेथेन बुश बसवून मिळतील'. शब्द एवढा लांब की पेंटरला एक पत्रा पुरेना, दोन पत्रे जोडले. रोज सकाळी उदबत्ती लावताना मी देवाच्या आधी पाटीकडे बघत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आता सोपानमामा. ते माझे नात्याने कोणी नव्हेत, सगळा रस्ताच त्यांना मामा म्हणायचा. घराणं धनगराचं. लहानपणी वडिलांच्या मागे मेंढरं घेऊन फिरलेले, पुढे ड्रायव्हिंग शिकले आणि दौंडच्या बाजूला असलेल्या एका हॅचरीत गाडीवर लागले. हॅचरी म्हणजे यंत्रात अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढायचा कारखाना. निमोण्याकडच्या पोल्ट्रीवरून उबवायची अंडी भरायची आणि हॅचरीत पोचवायची, हे मामांचं काम. बंद पेटीचा छोटा ट्रक, आत अंड्यांचे ट्रे छतापर्यंत.

मामा जसे चालवायचे तसं चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. नवजात कोकरू छातीशी धरून न्यावं तशी ते गाडी न्यायचे. खड्डा दिसला की ते त्याच्याजवळ जाऊन जवळजवळ थांबायचे, एक एक चाक उतरवायचे. सायकलवाले पुढे जायचे. एकदा एक बैलगाडी त्यांच्या पुढे निघून गेली आणि गाडीवानाने मागे वळून हात केला, ही गोष्ट न्हावऱ्याच्या चहाच्या टपरीवर बरीच वर्षं चालली. मामांना त्याचं काही नसायचं. ते केबिनमध्ये शेजारच्या सीटवर आपली टोपी उलटी ठेवायचे आणि त्यात एक अंडं. "ह्ये अंडं हाललं न्हाई, म्हंजी मागची बी हालली न्हाईत," असं त्यांचं शास्त्र. हॅचरीत पोचलं की ते अंडं शेवटी ट्रेमध्ये जायचं.

एके दिवशी मामा माझ्याकडे आले. गाडी डावीकडे ओढत होती. पुढच्या पाट्यांची रबरी बुशं पार चिंध्या झाली होती. मी पिवळी बसवली. हे एवढंच काम त्यांनी सांगितलं होतं. पण मी खाली पडल्यापडल्या वर पाहिलं. चासीवर मागची पेटी जिथे टेकते, तिथे रबराच्या गाद्या असतात. त्या चपट्या झाल्या होत्या, तडकल्या होत्या. शेखभाईने नमुन्यादाखल तशाच मापाच्या पिवळ्या गाद्या मला करून दिलेल्या पडून होत्या. मामा समोर चहाला गेले होते. मी म्हटलं, म्हाताऱ्याला खूश करू. सगळ्या गाद्या बदलल्या. केबिनखालच्या रबरी गाद्या चांगल्या होत्या, त्यांना हात लावला नाही. आणि मामांना काही बोललो नाही, कारण न सांगता केलेल्या उपकाराची चव जास्त लागते अशी माझी तेव्हा समजूत होती.

मामा एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "दत्तू, गाडी नव्या नवरीवानी चालती रं!" टोपीतलं अंडं जागचं हललं नव्हतं.

कोंबडीचं अंडं उबायला एकवीस दिवस लागतात. मधे यंत्रात काय चाललंय ते बाहेरून कळत नाही. त्यामुळे त्या धंद्यात आजची चूक तीन आठवड्यांनी कळते. मामा पुन्हा आले ते महिनाभराने, गाडीशिवाय. गाडी हॅचरीत लावून एसटीने आले होते. मी ट्रकखालून बाहेर आलो तर ते टायरवर बसलेले, टोपी हातात.

"मामा, गाडी कुठंय?"

"गाडी काढून घेणार हायती माझ्याकडनं."

मग कळलं ते असं. मामांनी आणलेल्या अंड्यांतून पिल्लं निघेनात. ट्रेमागून ट्रे तसेच. तिथल्या डॉक्टरबाईंनी अंडी उजेडापुढे धरून तपासली. अंड्याच्या रुंद टोकाला आत हवेची एक पिशवी असते, ती सुटली होती. ती सुटते फक्त हादऱ्याने. म्हणजे ड्रायव्हर गाडी हाणतो, असं तिथं ठरलं.

"मी? आन् जोरात?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना ते खरोखरच समजत नव्हतं. "साह्येब म्हनलं, मामा, वय झालं, नजर कमी झाली आसंल, खड्डं दिसत नसत्याल. आता पुढच्या म्हयन्यापास्नं तुम्ही खाद्याच्या गाडीवर. दत्तू, पोत्यांची गाडी गाढव बी चालवील. आंड्यांची गाडी मीच चालवायचो."

मला भयंकर संताप आला. मी मामांना घेऊन तडक हॅचरीत गेलो. मॅनेजर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सरळ विचारलं, "गाडीत काही दोष असेल का? तसं असेल तर मामांवर बालंट नको." मी त्यांच्याच गाडीत मामांच्या शेजारी बसून एक चक्कर मारली, टोपीतल्या अंड्यावर नजर ठेवून. अंडं जागचं हललं नाही. मी उतरलो आणि छाती पुढे काढून म्हणालो, "साहेब, गाडीचं काम मी स्वतः केलंय. या रस्त्यावर इतकी चांगली गाडी दुसरी नसेल. लिहून देतो." आणि खरंच लिहून दिलं, माझ्या दुकानाच्या शिक्क्यासकट. मॅनेजरांनी कागद फायलीत लावला आणि मामांकडे बघून हळहळले. मला वाटलं मी मामांना वाचवलं. गाडी निर्दोष म्हटल्यावर दोषी कोण उरतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मामांच्या आलं असावं.

त्याच आठवड्यात आमच्या घरी एक कोंबडी खुडूक बसली. खुडूक म्हणजे तिला अंडी उबवायची हुक्की येते, खाणंपिणं सोडून ती एका जागी ठाण मांडते. बायको म्हणाली, चांगली गावठी अंडी आणा तिच्याखाली ठेवायला. मी निमोण्याला आप्पांकडे गेलो, त्यांचं "म्याव" ऐकून घेतलं, डझनभर अंडी पिशवीत घालून मोटरसायकलला मागे बांधली आणि आलो. एकही फुटलं नव्हतं. मी पिशवी मोठ्या ऐटीत बायकोच्या हातात दिली.

तिने विचारलं, "फटफटीवर आणली?"

"मग काय पालखीतून आणू?"

"कशात घालून?"

"मागं कॅरेजला बांधून. हे बघ, तडासुद्धा नाही."

ती हसायलाच लागली. "अहो, खायची न्हाईत ही, उबवायची हायत. उबवायचं अंडं मांडीवर आणायचं असतं, पाटीत ज्वारीत खुपसून. आमच्या आईनं कवा सायकलीवरनं आणू दिली न्हाईत. वरनं धड दिसत्यात, आतनं हालून जात्यात." मग तिने पिशवी चुलीकडे नेत म्हटलं, "तुम्ही बसला गादीवर, आन् अंडी बसली लोखंडावर. तुम्हाला कसं कळावं? राहू द्या, आज कालवण करते."

मी चपला काढत होतो, तो तसाच एका पायावर उभा राहिलो. मामा केबिनमध्ये. केबिनखाली जुनं मऊ रबर. टोपी केबिनमध्ये, टोपीतलं अंडं केबिनमध्ये, मी तपासायला बसलो तोही केबिनमध्ये. आणि मागची पेटी, ज्यात सगळी अंडी, ती माझ्या कडक पिवळ्या गाद्यांवर. पाट्यातून वर येणारा जो बारीक हादरा रबर गिळून टाकायचं, तो आता सरळ अंड्यांत जात होता.

ते कालवण मी जेवलो की नाही, आठवत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. गप्प बसायचा विचार माझ्या मनात आला. पाटी नवी होती. दोन पत्र्यांची. पुढच्या खेपेला मामा आले की काहीतरी निमित्त काढून गुपचूप गाद्या बदलायच्या, पिल्लं आपोआप निघायला लागतील, कोणाला काही कळणार नाही. पण मामा पुढच्या खेपेला येणारच नव्हते, गाडी दुसऱ्याकडे जाणार होती. आणि मामांच्या नावापुढे 'म्हातारा गाडी हाणायला लागला' हे कायमचं राहणार होतं. हे मात्र मला सोसेना.

सकाळी हॅचरीत गेलो. मॅनेजर, डॉक्टरबाई आणि मामा तिघेही होते, गाडी भरून नुकतीच आली होती. मी म्हटलं, "साहेब, ट्रे उतरून झाले की मामांची टोपी आणि एक अंडं घेऊन तुम्ही माझ्याबरोबर मागं पेटीत बसा. मामा गाडी चालवतील."

ते आधी हसले, पण बसले. रिकाम्या पेटीत आम्ही दोघं उकिडवे, मध्ये उलटी टोपी. मामांनी नेहमीच्या चालीने गाडी काढली. शंभर पावलंही गेलो नसू, टोपीतलं अंडं फुगडी घालायला लागलं. माझे दात वाजत होते. मॅनेजरांचा चष्मा नाकावरून घसरला, तो त्यांनी एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने पेटी. चक्कर पुरी झाली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "हे काय आहे?"

"माझी हुशारी," मी म्हटलं. आणि गाडीखाली शिरून पिवळ्या गाद्या दाखवल्या. "मामांनी सांगितलं नव्हतं. मीच बदलल्या, न विचारता. तो कागद फाडा साहेब. दुसरा लिहून देतो, दोष गाडीचा होता आणि तो मी केला होता."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. मॅनेजरांनी फायलीतून कागद काढून माझ्या हातात दिला. मामा मात्र गुडघे टेकून खाली वाकले होते आणि अंगठ्याने एकेक गादी दाबून बघत होते. उठले तेव्हा म्हणाले, "दत्तू, चूक व्हती मानसाच्या हातनं. पर तू मला सांगितलं न्हाईस. कोकरू आजारी पडलं की आमी आधी इचारतो, कुनी काय खायला घातलं. मला ठावंच न्हाई तर मी इचारू कुनाला? म्हयनाभर मी माझ्याच हाताला श्या दिल्या."



त्याच दिवशी मी तिथेच, हॅचरीच्या अंगणात, पेटीखाली नव्या रबरी गाद्या घातल्या. पाट्याची पिवळी बुशंही काढून रबर घातलं. मग एकवीस दिवस. लोकांच्या घरी बाळंतपण असतं तेव्हा नवरा जसा येरझाऱ्या घालतो, तसा मी घालत होतो. बायको म्हणायची, "तुमीच खुडूक बसलाय." बाविसाव्या दिवशी दुपारी मी असाच एका ट्रकखाली पडलो होतो. कोणीतरी माझ्या पायाला पायाने हलकेच ढोसलं. बाहेर येऊन पाहिलं तर मामा. त्यांनी हातातली उलटी टोपी माझ्यापुढे धरली. आत एक पिवळं धमक पिल्लू, डोळे मिचकावत होतं.

"साह्येबांनी तुला द्याया सांगितलंय," मामा म्हणाले. "गाडी माझ्याकडंच हाय."

मी हसलो आणि रडलोही, दोन्ही एकदम, हाताला ग्रीस तसंच. ते पिल्लू आमच्या अजून रिकाम्या जागेवरच ठाण मांडून असलेल्या खुडूक कोंबडीने लगेच पंखाखाली घेतलं. तिला तेवढंच हवं होतं.

ही बातमी रस्त्याने माझ्याआधी सगळीकडे पोचली. काही जण पिवळी बुशं काढून घ्यायला आले, काढून दिली. मी पाटी उतरवली नाही, पण शेखभाईकडून नरम प्रकार करून घ्यायला लागलो आणि पहिला प्रश्न विचारायला शिकलो, "गाडीत काय भरता?" ऊस, वाळू म्हणाले की कडक. अंडी, द्राक्षं म्हणाले की रबर. इतका साधा प्रश्न विचारायला मला अर्धं आयुष्य लागलं.

मामा माझ्याकडे येत राहिले. पण त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. मी काम करून गाडी खाली उतरवली की ते आधी माझ्याकडे बघायचे नाहीत. टोपी काढून सीटवर ठेवायचे, गुडघे टेकायचे, गाडीखाली वाकायचे आणि प्रत्येक गादी अंगठ्याने दाबून बघायचे. मगच चावी फिरवायची. साध्या ऑइलच्या कामाला आले तरी हेच. बाकीचे ड्रायव्हर हसायचे. मी कधी हसलो नाही, कारण तो अंगठा गादीवर नाही, माझ्यावर टेकलाय हे मला माहीत होतं. असं पाच-सहा वर्षं चाललं.

मग मामांच्या निवृत्तीचा आठवडा आला. शेवटच्या कामाला गाडी घेऊन आले. मागच्या गाद्या पुन्हा झिजल्या होत्या, सगळ्या बदलायच्या होत्या. या खेपेला मी एकेक गादी बसवण्याआधी बाहेर आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी घेतली, न बघता परत दिली. काम झालं. मी गाडी जॅकवरून उतरवली आणि सवयीने बाजूला सरकून उभा राहिलो, त्यांना वाकायला जागा हवी म्हणून.

मामांनी टोपी सीटवर ठेवली. गाडीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, सरळ वर चढले आणि चावी फिरवली.

लोक म्हणतील, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत असतील. म्हणू देत.